पेन्शनची चौकशी नक्की कुठे करायची? मुंबईत पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

पेन्शनचं काम निघालं की बहुतेक लोक आधी बँकेत जातात, कारण पैसे तिथेच जमा होणार असतात. पण बँक फक्त पैसे देते. पेन्शन मंजूर कोणी केली, किती बसवली, कधीपासून लावली हे ठरवणारं ऑफिस वेगळं असतं आणि प्रत्येक प्रकारच्या पेन्शनचं ते वेगवेगळं असतं. आमच्या बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या ज्येष्ठांची कागदपत्रं मी बघून देते, त्यातून सांगते, जास्तीत जास्त फेऱ्या वाया जातात त्या चुकीच्या दारात उभं राहिल्यामुळे. आपला कागद खरा असतो, रांगही लावलेली असते आणि दोन तासांनी खिडकीवर कळतं की हे इथे होत नाही.

मुंबईत तर अजून एक घोळ आहे. पीएफचं ऑफिस म्हणजे भविष्य निधी भवन वांद्रे पूर्वेला, राज्य सरकारच्या पेन्शनचं अधिदान व लेखा कार्यालय लेखा कोष भवनात म्हणजे बीकेसीला, आणि उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, जिथून निराधार आणि श्रावणबाळ योजनेचा कारभार चालतो, तेही वांद्रे पूर्वेलाच चेतना कॉलेजजवळ. तिन्ही ठिकाणी पेन्शनचं काम चालतं आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून नुसतं "वांद्र्याला पेन्शन ऑफिसला जा" असं कोणी सांगितलं तर निघू नका, कुठलं ऑफिस ते विचारा.

आधी घरी बसून हे बघा

कपाटातली जुनी फाइल काढा आणि आई-वडिलांची (किंवा तुमची स्वतःची) नोकरी कुठे होती ते कागदावर लिहा. खाजगी कंपनी, गिरणी, कारखाना, दुकान, हॉस्पिटल असं काही असेल आणि पगारातून पीएफ कापला जात असेल तर तुमचा विषय ईपीएस ९५, म्हणजे पीएफसोबत चालणारी पेन्शन योजना. राज्य सरकार, जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेतली नोकरी असेल तर राज्याची पेन्शन. पोस्ट, इन्कम टॅक्स, कस्टम वगैरे असेल तर केंद्राची. रेल्वेवाल्यांनी आपल्या डिव्हिजनचं सेटलमेंट सेक्शन गाठायचं, मध्य रेल्वेचं डिव्हिजन सीएसएमटीला आणि पश्चिमचं मुंबई सेंट्रलला. महापालिकेतून रिटायर झालेल्यांनी ज्या खात्यातून किंवा वॉर्डातून निवृत्ती घेतली तिथल्या आस्थापना शाखेत जायचं. लष्करातून आलेल्यांचं सगळं आता स्पर्श पोर्टलवर असतं. आणि नोकरीच नव्हती, किंवा होती पण पीएफ वगैरे काही नव्हतं, घरकाम केलं, नाक्यावर उभं राहून मजुरी केली, तर सामाजिक योजना बघायच्या, त्या पुढे सांगते.

पेन्शन आधीच चालू असेल तर पीपीओ शोधा. पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, तिच्यावरचा नंबर प्रत्येक ठिकाणी विचारतात आणि ऑर्डर कोणी काढली तेही तिच्यावर असतं. ईपीएस ९५ चा पीपीओ नंबर हरवला असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर पेन्शनर्स पोर्टलमध्ये बँक खात्याचा नंबर किंवा पीएफचा मेंबर आयडी टाकून तो मिळतो, त्यासाठी वांद्र्याला जायची गरज नाही. सापडला की पीपीओचा फोटो काढून घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

ईपीएस ९५, म्हणजे खाजगी नोकरीवाल्यांची पेन्शन

मुंबईत सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के यात जातात, आणि ते १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेवर मोजतात म्हणून महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जमा होतात. तुमचा पगार पन्नास हजार असला तरी पेन्शनच्या खात्यात तेवढेच जातात, त्यामुळे रिटायर झाल्यावर आकडा बघून धक्का बसतो. हिशोब असा आहे, पेन्शनसाठी धरलेला सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं आणि त्याला भागिले ७०. समजा कोणी २०१५ ला १५,००० रुपये पगाराने लागला आणि ११ वर्षं नोकरी झाली तर महिन्याला साधारण २,३५७ रुपये. ज्यांची नोकरी सप्टेंबर २०१४ च्या आधीपासून आहे त्यांच्या आधीच्या वर्षांना जुनी ६,५०० ची मर्यादा लागते, म्हणून नुसतं १५,००० धरून घरी काढलेला आकडा जास्त येतो आणि हातात कमी मिळतात. आणि जे १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आले आणि त्यांचा बेसिक आणि डीए मिळून १५,००० च्या वर होता, ते या पेन्शनमध्ये येतच नाहीत, त्यांचे सगळे पैसे पीएफमध्येच जातात. पासबुकमध्ये पेन्शनचा रकाना रिकामा दिसला तर आधी हे तपासा.

पेन्शनला किमान १० वर्षं नोकरी लागते आणि वय ५८. पन्नाशीनंतर आधीही घेता येते पण प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कायमची कापतात, म्हणून अगदीच अडचण नसेल तर थांबा. किमान पेन्शन १,००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच आहे, आणि या शहरात त्यात गॅस सिलिंडर आणला की उरतं काय, हे वाढायलाच पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं. पण आज हातात येणारी रक्कम ती आहे, ती सोडू नका.

तरुणांसाठी सर्वात महत्त्वाचं. नोकरी बदलली की फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका. काढले की ती वर्षं संपली. पैसे न काढता जुन्या पीएफचं खातं नवीन नोकरीत ट्रान्सफर करा किंवा त्याच १०सी फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागा, म्हणजे चार कंपन्यांमधली तीन-तीन वर्षं एकत्र जोडून बारा होतात आणि तुम्ही पेन्शनला पात्र होता. अंधेरी-साकीनाक्याकडे कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी कितीतरी मुलं दर दोन वर्षांनी हे पैसे काढतात, हातात येतात थोडेसे आणि म्हातारपणाचा आधार जातो.

पेन्शन सुरू करायला फॉर्म १०डी. यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर चालू असेल, आधार आणि बँक जोडलेली असेल तर मेंबर पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. भरण्याआधी तीन गोष्टी जुळवा, आधारवरचं नाव, पीएफमधलं नाव आणि जन्मतारीख. मुंबईत आडनाव-वडिलांचं नाव मागेपुढे झालेलं असतं, लग्नानंतर बदललेलं असतं, जुन्या कंपनीच्या क्लार्कने स्पेलिंग वेगळं टाकलेलं असतं, आणि क्लेम रिजेक्ट होतो. दुरुस्तीला जॉइंट डिक्लेरेशन म्हणतात, ते आधी करून घ्या, म्हणजे निवृत्तीच्या सहा महिने आधीच, शेवटच्या आठवड्यात नाही. पत्नी/पती आणि मुलांची नावं ई-नॉमिनेशनमध्ये भरलेली असू द्या.

कंपनी बंद पडली असेल तर? लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या घरात हाच प्रश्न असतो. मालक सही करायला उरला नसेल तर बँक मॅनेजर, राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर अशांपैकी कोणाच्या सही-शिक्क्याने फॉर्म देता येतो. जुनी पगाराची स्लिप, गिरणीचं ओळखपत्र, पीएफची वार्षिक पावती, ईएसआयसीचं कार्ड, जे काही असेल ते न्या, कशावर तरी पीएफ नंबर सापडतो. १ मार्च १९७१ पासूनच्या जुन्या फॅमिली पेन्शन योजनेत पैसे जात होते आणि १९९५ नंतरही नोकरी चालू होती त्यांना त्या मागच्या वर्षांचा वेगळा लाभ धरतात, तो धरलाय का हे पीपीओच्या हिशोबात बघायला सांगा. कामगार वारला असेल तर विधवा पेन्शन पण याच १०डी फॉर्मवर मिळते, २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही मिळते.

कुठे जायचं ते राहत्या घरावरून ठरत नाही, कंपनीच्या पीएफ कोडवरून ठरतं. मुंबई भागात वांद्रे, कांदिवली, ठाणे, वाशी अशी ऑफिसं आहेत. तुम्ही बोरिवलीला राहात असाल पण कंपनी वाशीच्या कोडवर असेल तर फाइल वाशीला. पीएफच्या मेंबर आयडीची पहिली अक्षरं बघितली की कोणाचं ऑफिस ते कळतं, नाही कळलं तर १४४७० या हेल्पलाइनला विचारा. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचा कॅम्प असतो, तारीख सुट्टीला आली तर पुढच्या कामाच्या दिवशी, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात आणि अडकलेल्या केसला तो दिवस बरा.

एक चांगला बदल झालाय तो गावी परतणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जानेवारी २०२५ पासून ईपीएस पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळते. रिटायर होऊन कोणी कणकवलीला गेलं, कोणी साताऱ्याला, तर पीपीओ एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात हलवायची गरज राहिली नाही.

राज्य आणि केंद्र सरकारवाले

राज्य सरकारची पेन्शन महालेखापालांच्या ऑफिसातून मंजूर होते, ते चर्चगेटजवळ महर्षी कर्वे मार्गावर प्रतिष्ठा भवनात आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या खात्यांची फाइल नागपूरला असते. तिथून तीन आदेश निघतात, पेन्शनचा, ग्रॅच्युइटीचा आणि अंशराशीकरणाचा म्हणजे कम्युटेशनचा. पैसे देण्याचं काम मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय करतं आणि जिल्ह्यात कोषागार. म्हणून "मंजूरच झाली नाही" असं असेल तर आधी आपल्याच खात्याची आस्थापना शाखा आणि मग चर्चगेट, आणि "मंजूर झाली पण पैसे आले नाहीत" असं असेल तर बीकेसी. मुंबईहून गावी जाऊन तिथल्या कोषागारातून घ्यायची असेल तर मात्र इथे बदलीचा अर्ज द्यावाच लागतो, ईपीएससारखं आपोआप होत नाही. महाकोष या राज्याच्या कोषागारांच्या साइटवर निवृत्तीवेतनवाहिनी आहे, महिन्याची माहिती तिथे बघता येते.

शिक्षकांची फाइल बऱ्याचदा सेवापुस्तकावरून अडते. वेतन पडताळणी होऊन सेवापुस्तक परत आलेलं नसेल तर पुढे काही हलत नाही, तेव्हा निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच शाळेच्या क्लार्ककडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्या बहुतेक राज्य कर्मचाऱ्यांना जुनी योजना नाही, त्यांचं खातं एनपीएसचं म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं आणि त्या खात्याचा नंबर म्हणजे पीआरएएन.

केंद्राच्या पेन्शनरांसाठी पेन्शन विभागाचा टोल फ्री नंबर १८००-११-१९६० आहे आणि तक्रार सीपेनग्राम्स या त्यांच्या पोर्टलवर टाकता येते, नंबर मिळतो, तो जपून ठेवा. वय ८० झालं की केंद्राच्या मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ होते, पुढे दर पाच वर्षांनी अजून, आणि कम्युटेशनची कपात १५ वर्षांनी बंद होऊन पूर्ण पेन्शन परत सुरू होते. या दोन तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, बँकेत रेकॉर्ड चुकलेलं असलं तर ही वाढ किंवा पूर्ण पेन्शन आपणहून सुरू होत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला कळतही नाही की आपले पैसे कमी येतायत.

नोकरीच नव्हती त्यांनी

६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, आणि ६५ च्या आत असलेल्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी, निराधार अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. २०२३ मध्ये रक्कम वाढून महिन्याला १,५०० झाली, आणि दिव्यांगांची २०२५ मध्ये २,५००. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांना ५०,००० पर्यंत. मुंबईत २१,००० वर्षाला म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत, त्यामुळे खरोखर गरज असलेले खूप लोक यातून बाहेर पडतात आणि याचं वाईट वाटतं, पण मुलं बघत नाहीत, एकट्याच राहतात अशा कितीतरी बायका पात्र असूनही अर्ज करत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अर्ज तहसीलदारांच्या संजय गांधी शाखेत. शहरात म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनपर्यंत राहत असाल तर फोर्टला ओल्ड कस्टम हाउसमधलं शहर जिल्हाधिकारी कार्यालय, त्यापुढे उपनगर, आणि उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके, आपला कुठला ते आधी विचारा. लागणारे कागद म्हणजे वयाचा पुरावा, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक, विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजेच, पैसे थेट त्यातच येतात. अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्का असलेली.

वय अजून कमी असेल, १८ ते ४० मध्ये, तर अटल पेन्शन योजना आपल्याच बँकेत उघडते, साठीनंतर १,००० ते ५,००० पर्यंत ठरलेली पेन्शन. ऑक्टोबर २०२२ पासून इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना ती घेता येत नाही. चौकशीचा नंबर १८००-११०-०६९.

हयातीचा दाखला

चालू असलेली पेन्शन बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. राज्य आणि केंद्राचा दाखला नोव्हेंबरमध्ये, केंद्राच्या ८० वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. राज्याच्या पेन्शनरांची यादी बँकेच्या शाखेत येते आणि तिच्यावर नावासमोर सही करायची असते. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरच पाहिजे असं नाही, ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहू नका, जूनमध्ये द्या.

बाहेर जायला जमत नसेल तर जीवन प्रमाण ॲपवरून चेहरा दाखवून घरीच होतो, सोबत आधार फेस आरडी नावाचं ॲप लागतं, आणि फोन मुलाचा-नातीचा असला तरी चालतो. चाळीच्या अंधाऱ्या खोलीत चेहरा ओळखत नाही, गॅलरीत उजेडाला बसवा आणि चष्मा काढा. बोटांचे ठसे पुसट झाले म्हणून बँकेत परत पाठवलेल्या आज्यांचं काम या ॲपने होतं. तेही नको असेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, ७० रुपये घेतात, ईपीएसवाल्यांना मात्र ते २०२५ पासून फुकट आहे. दाखला झाल्यावर प्रमाण आयडी येतो तो लिहून ठेवा, आणि दोन दिवसांनी ॲपवर "स्वीकारला" की "नाकारला" ते बघा, नुसता आयडी आला म्हणजे झालं असं समजू नका.

काम अडलं तर

तोंडी चौकशी दोनदा झाली की तिसऱ्यांदा लेखी द्या. साध्या मराठीत अर्ज, वर पीपीओ नंबर, खाली मोबाइल, दोन प्रती, एकीवर पोच. मग ऑनलाइन तक्रार, पीएफसाठी ईपीएफआयजीएमएस नावाचं पोर्टल. चूक बँकेची असेल तर आधी बँकेकडे लेखी आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, नंबर १४४४८. सरकारी पेन्शन बँकेने उशिरा जमा केली तर उशिराच्या दिवसांचं वर्षाला ८ टक्क्यांनी व्याज बँकेने न मागता द्यायचं असतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेवढं वाक्य अर्जात घाला.

त्यानंतरही काही होत नसेल तर माहितीचा अधिकार. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. पीएफ आणि रेल्वे केंद्राकडे येतात, त्यांचं पोर्टल वेगळं, राज्याचं वेगळं. "माझी पेन्शन का दिली नाही" असं विचारू नका, "माझी फाइल अमुक तारखेपासून आज कोणाच्या टेबलवर आहे, प्रत्येक टेबलवर किती दिवस होती" असं विचारा. कोर्टकचेरीची वेळ आलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही, नंबर १५१००. आणि काहीच सुचत नसेल, कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, पेन्शनबद्दलची माहिती तिथेही देतात.

आता एक काळजीचं. हल्ली पेन्शनरांना फोन येतात, समोरचा माणूस पीपीओ नंबर, निवृत्तीची तारीख सगळं बरोबर सांगतो आणि म्हणतो हयातीचा दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा. एवढी माहिती त्याच्याकडे आहे म्हणजे खराच असणार असं वाटतं आणि ओटीपी दिला की खातं रिकामं होतं. कुठलंही पेन्शन ऑफिस फोनवर ओटीपी मागत नाही. असं झालंच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या तासात कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि घरातल्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये हा नंबर आजच सेव्ह करून द्या.